सहामाहीचा निकाल आणि मुलांची तब्येत

(पालक सभेत केलेले भाषण)



सहामाहीचे पेपर तपासून झाले असून प्रगतिपत्रके आज आपल्या हाती पडतील. या सभेत शिक्षकांनी गुणांविषयी बोलावे, पालकांनी माना डोलवाव्यात आणि घरी गेल्यावर मुलाची कानउघाडणी करावी, असा आजवरचा रिवाज आहे. गुण पत्रकात लिहिलेले आहेतच. मी पाचवी ते आठवीच्या मुलांच्या तब्येतीविषयी चार गोष्टी सांगणार आहे. कारण यंदाचे बरेचसे गुण तिथेच गेले आहेत, असे माझे मत झाले आहे.

पाऊस ओसरल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचे दिवस शाळेला सर्वांत जड जातात. जूनमधील नव्या पुस्तकांचा उत्साह संपलेला असतो, दुपारचे ऊन चटका देऊ लागते, घरोघर तापाची साथ असते आणि त्याच सुमारास परीक्षा येते. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. याच दिवसांत एखाद्या घरात बसून ठरते, की मुलीला आता पुरे झाले.

गेल्या वर्षी सातवीतील एका मुलीच्या बाबतीत तसेच ठरले होते. घरून निरोप आला, की तिचे अभ्यासात लक्ष नाही, सुट्टीनंतर पाठवणार नाही. तिच्या वह्या काढून पाहिल्या, तर काही दिवसांची पाने पूर्ण आणि काही दिवसांची अर्धी कोरी. तोंडी विचारले की मात्र उत्तरे बरोबर. ज्या दिवसांची पाने कोरी होती, त्या दिवशी तिच्या शेजारची मुलगी तापाने घरी होती! फळा दिसतच नव्हता. ती शेजारणीच्या वहीत पाहून उतरवीत होती. डोळे तपासले, चष्मा लागला. त्यावर तिची अम्मी म्हणाली, "गुरुजी, चष्म्यामुळे उद्या लग्नाला अडचण येईल." मी म्हणालो, "भाभी, सातवीत शाळा सुटली तर त्याहून मोठी अडचण येईल." त्यांना हे पटले की नाही कोणास ठाऊक, पण मुलगी आज आठवीत आहे.

मूल स्वतःहून "मला दिसत नाही" असे सांगत नाही. सगळ्यांना असेच दिसते, अशी त्याची समजूत असते. ते डोळे बारीक करते, दूरदर्शन संचाजवळ जाऊन बसते, पुस्तक नाकाशी धरते, कपाळ दुखते म्हणते. हे आईच्या नजरेला शिक्षकाआधी पडू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यातील आरोग्य पथक सरकारी व अनुदानित शाळांतून मुलांची तपासणी करते आणि पुढील उपचार मोफत होतात. पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तरात चुरगळून राहू नये, एवढे पाहणे पालकांकडे येते. तैवानमध्ये २०१० साली शाळांनी मुलांना रोज दोन तास उघड्यावर नेण्याचा उपक्रम हाती घेतला. वर्षानुवर्षे वाढत चाललेले नजर अधू होण्याचे प्रमाण त्यानंतर उतरणीला लागले. आपल्याकडे उजेडाची वाण नाही. मोबाईल काढून घेतला म्हणजे काम झाले असे समजू नका, मुलाला मैदानात पाठवा.

मोबाईल निघालाच आहे, तर झोपेविषयी बोलतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास आणि त्यापुढील मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. आमच्या वर्गातील काही मुले रात्री अकरापर्यंत महामार्गावरच्या वडिलांच्या गाडीवर हात लावतात. काहींचे अब्बा टँकरवर असतात, ते अवेळी घरी येतात आणि सारे घर जागे होते. रोजीरोटीपुढे कोणाला उपदेश करावा, असे मला वाटत नाही. पण अशा मुलाला परीक्षेच्या आठवड्यात तरी नऊला झोपू द्यावे, ही मागणी फार मोठी नव्हे. ज्या घरी अशी अडचण नाही आणि तरीही मूल बारापर्यंत पडद्याकडे पाहत जागे असते, तेथे मला रागच येतो. सकाळी पहिल्या तासाला त्याची मान बाकावर पडते, तेव्हा भूमितीचे प्रमेय कोणाला शिकवायचे?

आता तापाविषयी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंपे, हौद रिकामे करून कोरडे करावयाचे. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून राहतात, ती घासून काढावी लागतात. सोलापूर रस्त्यालगत गॅरेजे आणि पंक्चरची दुकाने आहेत. बाहेर रचलेल्या जुन्या टायरांत पावसाचे पाणी महिनाभर तसेच राहते. ज्यांची ती दुकाने आहेत त्यांनी आजच घरी जाताना टायर उलटे करावेत. त्यांचीच मुले याच शाळेत आहेत.

आणखी एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे मूल बरे झाले असे नसते. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरू लागतो त्याच वेळी धोका असतो. पोटात जोराने दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, मूल सुस्त होणे, यांपैकी काही दिसले तर तत्काळ दवाखाना गाठावा. दुकानातून मनाने ॲस्पिरीन किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणून देऊ नये, त्याने रक्तस्रावाची भीती वाढते. आणि ताप उतरला की दुसऱ्या दिवशी परीक्षेला पाठवू नका. पेपर पुन्हा घेता येतो.

मुलींच्या बाबतीत रक्तक्षयाचा प्रश्न वेगळा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्त कमी आढळले. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण ३१ टक्के होते. पंधराव्या वर्षी दिसणारी ही कमतरता बाराव्या-तेराव्या वर्षीच सुरू होते. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी काही मुली घरच्यांच्या भीतीने फेकून देतात, हे मी पाहिले आहे. ती गोळी जेवणानंतर घ्यावी आणि तिच्यासोबत चहा घेऊ नये, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. सकाळी नुसत्या चहा-खारीवर शाळेत येणारी मुलगी अकराला चक्कर येऊन बसते, त्यात आश्चर्य ते काय?

शिक्षण आणि तब्येत ही जोडी आजची नाही. पुण्यातील मुलींच्या शाळांचे काम चालू असताना, १८५६ च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई फुले आजारी होऊन माहेरी नायगावला होत्या. तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्यामागे फातिमाला किती त्रास पडत असेल, याची काळजी त्यांनी केली आहे. एक शिक्षिका आजारी पडली की दुसरीवर भार येतो आणि मुलींचे वर्ग त्यावर अवलंबून असतात, हे त्यांनी ओळखले होते.

राहता राहिले मन. २०२३ साली राज्य शासनाने नियम बदलले. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते, तीतही न उतरल्यास त्याला त्याच वर्गात राहावे लागते. नियम बरा की वाईट, हा वाद मी येथे काढीत नाही. पण दहा वर्षांच्या पोराला "नापास" हा शब्द आता पुन्हा ऐकू येऊ लागला आहे आणि काही घरांत तो सकाळ-संध्याकाळ ऐकू येतो. मूल पोटदुखीच्या निमित्ताने शाळा टाळते, ताट अर्धे ठेवते, मित्रांत मिसळत नाही. त्याला मार देऊन ते बोलके होणार नाही. जवळ बसवून विचारावे, आणि घरात सांगता येत नसेल तर वर्गशिक्षकांना सांगावे. टेली-मानस ही शासनाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू आहे, मराठीतही बोलता येते. मुले संकटात असतील तर १०९८ हा क्रमांक त्यांच्यासाठी आहे. दोन्ही क्रमांक मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले आहेत. ते पाहून रागावू नका.

शेवटी कामाचे. प्रगतिपत्रकावर सही करून परत पाठवताना मागील कोऱ्या बाजूस लिहा, की मूल रात्री किती वाजता झोपते, सकाळी काय खाऊन निघते आणि शेवटच्या बाकावरून त्याला फळा दिसतो का. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी मुलाकडून लिहून घ्यावे आणि अंगठा उठवावा. पत्रके सोमवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत.