पाखरू पदरात घेण्यापूर्वी

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण. कार्यकारिणीच्या इच्छेवरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



या समारंभात दरवर्षी कोणी आहारावर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "पाखरांच्या पिल्लांवर बोलेन." त्यांना हसू आले. पण फाल्गुन-चैत्र आला, की आपल्या वसाहतीतली कोणी ना कोणी मला जिन्यात गाठते आणि विचारते, "अहो, आमच्या गॅलरीत पिल्लू पडलंय हो, त्याला काय घालू?" एकेकीला जिन्यात उभे राहून सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगावे, एवढाच माझा हेतू. मी काही पक्ष्यांची अभ्यासक नव्हे. घरी-दारी जे पाहिले आणि गुरांच्या डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, तेवढेच सांगते.

प्रथम सांगावयाचे ते हे, की 'काय घालू' हा प्रश्न अगदी शेवटचा आहे. पहिला प्रश्न निराळाच. या पिल्लाला आपली खरोखर गरज आहे काय?

याचे उत्तर पिल्लाकडे नीट पाहिले, की त्याच्या अंगावरच लिहिलेले दिसते. डोळे मिटलेले, कातडी गुलाबी, अंगावर पिसांचा पत्ता नाही, तर ते अंड्यातून नुकतेच निघालेले. पिसांच्या सुया फुटल्या आहेत, डोळे उघडे आहेत, पण पायांवर धड उभे राहता येत नाही, तर ते आठवड्याभराचे. ही दोन्ही घरट्यातून पडलेली असतात आणि त्यांची जागा घरट्यातच. तिसऱ्या प्रकारचे पिल्लू मात्र आपल्याला फसवते. त्याच्या अंगभर पिसे असतात, शेपूट आखूड असते, चोचीच्या कडा अजून पिवळसर असतात. बोट पुढे केले तर ते पंजाने घट्ट धरते. टुणटुण उड्या मारते, पण वर काही जात नाही. आपल्याला वाटते, बिचारे पडले, आता मरणार. वास्तविक ते पडलेले नसते, आपल्या पायांनी घरट्यातून उतरलेले असते. बुलबुलाचे पिल्लू साधारण १२ दिवसांचे झाले, की घरटे सोडते. चिमणीचे १५ दिवसांच्या सुमारास. उडणे चांगले जमेपर्यंतचे पुढचे काही दिवस ते झुडपात, कुंडीमागे, जमिनीवर काढते आणि आई-बाप तेथे येऊन त्याला भरवतात. मूल चालावयास शिकताना चार वेळा बसकण मारते, म्हणून कोणी त्याला उचलून आपल्या घरी नेते काय?

येथे एक समजूत आडवी येते. माणसाचा हात लागला, की पिल्लू बाटते, मग आई त्याला जवळ घेत नाही, बाकीची पाखरे टोचून मारतात, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. यात तथ्य नाही. आपल्या हाताच्या वासाने पाखरे पिल्लू टाकत नाहीत. आपण भोवती घुटमळत राहिलो, तर मात्र ती भिऊन जवळ येत नाहीत. कावळ्याचे पिल्लू खाली पडले, की झाडावरचे कावळे कलकलाट करून आपल्या डोक्यावर चाल करून येतात. ते पिल्लाला टोचावयास आलेले नसतात, पिल्लू राखावयास आलेले असतात. भगिनींनो, आपल्या आज्या-पणज्यांना 'कावळा शिवला', की चार दिवस कोपऱ्यात बसावे लागे. बाईचा तो विटाळ आपण बहुतेकींनी मागे टाकला. पाखराचा विटाळ तेवढा अजून आपल्या डोक्यात शिल्लक आहे. तोही आता सोडू या. पिल्लू हातात घेऊन घरट्यात परत ठेवले, तर त्याचे काही बिघडत नाही.

घरटेच मोडून पडले असेल तर? देवपूजेच्या फुलांची परडी असते ना, तशी एखादी जुनी परडी घ्यावी. पावसाचे पाणी साठू नये म्हणून तिला तळाशी भोके असावीत. आत वाळलेले गवत आणि मोडक्या घरट्याच्या काड्या घालून ती पहिल्या जागेच्या अगदी जवळ, उन्हापासून आडोशाला पक्की बांधावी. त्यात पिल्लू ठेवावे, आत जावे, दार लावावे आणि खिडकीच्या फटीतून तास-दोन तास पाहावे. पुष्कळदा आई-बाप त्या परडीत येऊन भरवू लागतात. तोवर धीर धरणे हेच आपले काम, आणि खरे सांगते, सगळ्यांत कठीण काम तेच.

आता गेल्या वर्षीची आमच्याच घरची हकीगत सांगते. आमच्या गॅलरीच्या गजांवर मधुमालती चढली आहे. तीत लालबुड्या बुलबुलांनी घरटे केले होते. दोन पिल्ले झाली. एका सकाळी दोन्ही घरट्याबाहेर पडली. एक तुळशीच्या कुंडीमागे अंग फुगवून बसले होते. दुसरे उड्या मारीत दारातून जिन्यात गेले आणि तेथे मांजराने ते धरले. माझी धाकटी ओरडली, तेव्हा मांजराने ते टाकले. एक पंख लोंबत होता आणि पाठीवर रक्ताचा एक थेंब होता. एकाच घरट्यातली, एकाच दिवशी बाहेर पडलेली ही दोन भावंडे. पण दोघांना लागणारी मदत अगदी वेगळी.

कुंडीमागचे पिल्लू मी ओंजळीत उचलून वेलाच्या दाट भागात ठेवले आणि दार लावून घेतले. अर्ध्या तासाने आई चोचीत अळी घेऊन आली. त्याचे काम झाले. दुसऱ्याला मात्र सासूबाईंनी मऊ जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळले, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले आणि आम्ही तडक जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "मांजराने धरलेले पाखरू वरून कितीही धडधाकट दिसले, तरी त्याच दिवशी आणले पाहिजे." मांजराच्या दातांवर आणि लाळेत जे जंतू असतात, ते पाखराच्या रक्तात गेले, की एक-दोन दिवसांत ते दगावते. सुईच्या टोकाएवढी जखम पिसांखाली दिसतसुद्धा नाही. त्यावर वेळेवर दिलेले औषध हाच उपाय. हळद लावून ते भागत नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, पंख बांधला आणि पिल्लू ठेवून घेतले. दुसऱ्या रात्री ते गेले. दात आत फुप्फुसापर्यंत पोचला होता. धाकटी रडून रडून म्हणाली, "मग आपण एवढं सगळं कशाला केलं?" सासूबाई तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "मांजराच्या दाढेत जायचं ते उबेत गेलं, बाळ. आपल्या हातात तेवढंच होतं, ते आपण केलं." मला वाटते, यापेक्षा खरे उत्तर नाही. वेलातले पिल्लू मात्र आठवड्याने तारेवरून तारेवर उडू लागले.

तेव्हा मदत कोणाला लागते, ते ध्यानात ठेवा. रक्त येत असेल, पंख लोंबत असेल, पाय मोडला असेल, मांजर-कुत्र्याने धरले असेल, अंग गार पडले असेल, किंवा आई-बाप पुष्कळ वेळ फिरकलेच नसतील, तर पिल्लू उचलावे. उचलल्यावर काय करावे, ते असे.

पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडावीत. तळाशी जुने मऊ सुती कापड घालावे. कापूस घालू नये आणि टर्किश टॉवेलही नको; त्यांच्या धाग्यांत नख्या अडकतात. खोके झाकून घरातल्या शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे. अंधारात पाखराची भीती कमी होते. आपण मायेने कुरवाळतो, तेव्हा ती वाढते. पिसे न फुटलेल्या किंवा गारठलेल्या पिल्लासाठी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्या भागाखाली ठेवावी, म्हणजे फार ऊन वाटले तर त्याला बाजूला सरकता येते. वैशाखाच्या उन्हात पिसे आलेल्या पिल्लाला ही ऊब नको.

चोचीत पाणी ओतू नये. हे मी दोनदा सांगितले तरी चालेल. पाखराची श्वासाची वाट जिभेच्या मागेच उघडी असते. ड्रॉपरने घातलेले पाणी फुप्फुसात जाते आणि ज्याला वाचवावयाचे, त्याचाच श्वास कोंडतो. दूधही घालू नये. पाखरांना दूध पचत नाही. दूध-पोळी, दूध-पाव हे आपल्या मायेचे खाणे आहे, त्यांच्या पोटाचे नव्हे. शिवाय प्रत्येकाचा आहार निराळा. बुलबुल पिल्लांना किडे आणि फळे भरवतो. पारवा आपल्या पिल्लाला घशात तयार होणारा दुधासारखा पदार्थ पाजतो. घारीला मांस लागते. म्हणून जाणकाराने सांगितल्याखेरीज काही भरवू नये. मोडलेल्या पंखाला घरी काड्या बांधू नयेत. संक्रांतीच्या दिवसांत मांजात अडकलेले पाखरू मिळाले, तर मांजा ओढू नये, दोन्ही बाजूंनी कातरीने कापावा आणि जखमेतला तुकडा डॉक्टरांकडे राहू द्यावा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर लोंबताना दिसतोच. हे सगळे झाल्यावर आपले हात साबणाने स्वच्छ धुवावेत. आणि एके ठिकाणी बरीच पाखरे मरून पडलेली दिसली, तर हात न लावता पालिकेला कळवावे.

मग कळवावयाचे कोणाला? महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे; तो मुलांनाही पाठ करवावा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८३ पासून आहे. दिल्लीत लाल किल्ल्यासमोर जैन मंदिराच्या आवारात तर केवळ पाखरांसाठी धर्मादाय रुग्णालय चालते. मुक्या जिवाला दवाखान्यात नेणे हे काही नवे खूळ नव्हे. आपल्याकडे त्याला सव्वाशे वर्षांहून जुनी परंपरा आहे.

शेवटी एक नाजूक गोष्ट. पिल्लू बरे झाले, की मुले म्हणतात, "आपण हे ठेवू या ना!" आणि मुलेच कशाला, आपलेही मन गुंतते. सिद्धार्थ आणि देवदत्त यांच्या हंसाची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली. मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा हक्क मोठा, असे त्यात ठरते. पण त्या गोष्टीतला हंस तरी कोणाचा? तो आभाळाचाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडची रानपाखरे पकडणे किंवा पिंजऱ्यात पाळणे हा गुन्हा आहे, आणि आपल्या लाडका पोपटही त्यात आला. कायदा बाजूला ठेवला, तरी माणसाच्या हातावर वाढलेल्या पिल्लाला आपली जात, आपली हाक, आपला शत्रू ओळखावयाला कोण शिकवणार? मांजराला भ्यावयाचे असते, हेदेखील त्याला कळत नाही. म्हणून जाणकार लोक अशी पिल्ले त्यांच्या जातभाईंबरोबर वाढवतात आणि माणसांची सवय लागू देत नाहीत.

आपल्या मंडळाला माझी एक विनंती आहे. मंडळाच्या कपाटात भोके पाडलेले एक खोके, एक मऊ फडके आणि जवळच्या दवाखान्याचा क्रमांक लिहिलेला कागद कायमचा ठेवावा. चैत्र-वैशाखात ज्यांच्याकडे मांजर आहे, त्यांनी सकाळ-संध्याकाळ ते घरात ठेवावे. आणि घुबडाचे किंवा पिंगळ्याचे पिल्लू दिसले, तर अशुभ म्हणून हाकलू नये. आपल्या धान्याचे उंदीर तेच खातात.

पिल्लाला पदरात घेण्यापूर्वी त्याची आई झाडावर आहे का, एवढे पाहा. ती असेल, तर आपण दार लावून आत जाणे हीच मदत. ती नसेल, किंवा पिल्लू जखमी असेल, तर खोके, ऊब, अंधार आणि डॉक्टर. इतके आपल्यापैकी प्रत्येकीला जमेल.

पन्हे आणि आंब्याची डाळ वाट पाहत आहेत, म्हणून अधिक वेळ घेत नाही.