पोकळी जपणारी प्रत

पेणचा गणपती आतून पोकळ असतो. साच्याला आतून मातीचा थर दाबून बसवतात आणि मधली जागा मोकळी ठेवतात. ती भरली तर मूर्ती जड होईल, वाळताना तडकेल. संगणकातही अशा पोकळ फायली असतात. युनिक्सवाले त्यांना ‘स्पार्स फाइल’ म्हणतात. आपण विरळ फाइल म्हणू.

आमच्या भागातल्या कवींच्या आवाजातली जुनी ध्वनिमुद्रणं रोह्याला माझ्या भाच्याच्या संगणकावर, अशाच एका मोठ्या फायलीत आहेत. रोहा कुंडलिकेच्या काठी. पुराची धास्ती कायमची. म्हणून एक प्रत पेणला ठेवायचं ठरलं.

“मामू, फाइल दिसते शंभर जीबीची, पण जागा खाते दहाच,” भाचा म्हणाला.

त्याचं असं की, मधली जागा सोडून पुढे लिहिलं तर त्या मधल्या भागाला डिस्कवर जागा दिलीच जात नाही. वाचायला गेलं की तिथे शून्यं मिळतात. ‘एलएस’ ही आज्ञा फायलीची लांबी सांगते, ‘डीयू’ खरी व्यापलेली जागा.

गोम आहे ती प्रत करताना. भोळं साधन शून्यं वाचतं आणि तेवढी शून्यं लिहून काढतं. ‘टार’ आणि ‘आरसिंक’ यांना ‘स्पार्स’ हा पर्याय मुद्दाम सांगावा लागतो. तो न सांगता केलेला टारचा गठ्ठा दाबून ठेवला, तर शून्यं चिमटीत मावतात आणि सगळं ठीक वाटतं. पण गरजेच्या दिवशी गठ्ठा सोडला की तो पुरे शंभर जीबी मागतो. डिस्क पन्नासची असेल तर काम अर्ध्यावरच थांबतं.

पूर्वी साधनं शून्यांच्या रांगेवरून पोकळीचा नुसता अंदाज बांधत. पण कुणी जागा राखण्यासाठी शून्यं मुद्दाम लिहिलेली असली तर? पोकळी नेमकी कुठे आहे, हे थेट विचारण्याची सोय लिनक्समध्ये २०११ साली, ३.१ या आवृत्तीत आली.

कवितेची नक्कल करणाराही दोन कडव्यांमधली मोकळी ओळ मोकळीच सोडतो. ती भरायची नसते, गाळायचीही नसते.

तेव्हा प्रत केलीत की ती दुसऱ्या डिस्कवर एकदा उघडून पाहा. आम्ही पेणला तसंच केलं. डीयूने दहाच सांगितले. मग एक कविता लावली आणि शेवटपर्यंत ऐकली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)