ओळख आहे हो, पण कागद?

(रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला सांगितलं तेव्हा आमची ही म्हणाली, "बँकेवर बोलू नका, लोक झोपतील." पण चौतीस वर्षं नोकरी केली ती बँकेत, त्यामुळे दुसरं मला काही येत नाही. तेव्हा थोडं सहन करा.

गेल्या वर्षी आपल्यातल्या एका ज्येष्ठ सभासदांना फ्लॅट विकायचा होता. मुलगा परदेशात, म्हणून सगळा व्यवहार आणि पैशाची देवघेव त्यांनी आपल्या ओळखीच्या सीएंवर सोपवली. सीएंनी त्यांच्याकडेच पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा मागितला. सभासद माझ्याकडे आले, रागावलेले. "वीस वर्षांची ओळख. माझं रिटर्न तोच भरतो. आणि आता मलाच विचारतो, तुम्ही कोण?"

त्यांचा राग मला कळला. पण मला माझीच एक गोष्ट आठवली.

१९८३ साल. मी तालुक्याच्या गावी शाखेत ऑफिसर होतो. तेव्हा खातं उघडायला फोटोही लागत नसे. जुन्या खातेदाराची सही असली, म्हणजे 'इंट्रोडक्शन' झालं, की काम भागायचं. एक गृहस्थ आले. आमच्या चांगल्या खातेदाराने, एका किराणा दुकानदाराने, त्यांच्या फॉर्मवर सही केली होती. मी काही न विचारता खातं उघडलं. आठवड्याभरात त्यात इन्कमटॅक्सची रिफंड ऑर्डर जमा झाली, पैसे काढले गेले आणि गृहस्थ नाहीसे झाले. पत्ता एका लॉजचा निघाला.

ती ऑर्डर टपालातून चोरलेली होती. खरे मालक निवृत्त शिक्षक. त्यांच्याच नावाने ते खातं उघडलं होतं. मी दुकानदाराला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, दोन-चारदा दुकानात आले, माणूस बरा वाटला, केली सही." मी तरी वेगळं काय केलं होतं? १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३१ बँकेला संरक्षण देतं, पण चांगल्या हेतूने आणि निष्काळजीपणा न करता काम केलं असेल तरच. मला मेमो मिळाला, एक इन्क्रिमेंट थांबलं. त्याचं दुःख फार दिवस राहिलं नाही. पण ते मास्तर छत्री टेकत शाखेत यायचे, माझ्यासमोर गप्प बसून राहायचे, ते अजून डोळ्यांसमोर आहे. त्यांचे पैसे मिळायला वर्षाच्या वर गेलं.

पुढे काळ बदलला. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ साली झाला आणि १ जुलै २००५ पासून लागू झाला. बँकांचं केवायसी तुम्ही सगळ्यांनी भोगलंच आहे. सीए, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट यांना मात्र ३ मे २०२३ च्या अधिसूचनेने या कायद्यात आणलं. त्यांच्या सगळ्या कामांना तो लागू नाही, हे लक्षात घ्या. रिटर्न भरणं, ऑडिट करणं त्यात येत नाही. पण ग्राहकाच्या वतीने जागेची खरेदी-विक्री करणं, त्याचे पैसे, शेअर्स किंवा बँक खातं सांभाळणं, कंपनीसाठी भांडवल गोळा करणं, कंपनी किंवा ट्रस्ट काढणं-चालवणं, धंद्याची खरेदी-विक्री करणं, अशी कामं केली की सीएंची जबाबदारी बँकेसारखीच होते. ग्राहकाची ओळख पटवायची, समोर कंपनी असेल तर तिच्यामागचा खरा मालक कोण ते शोधायचं, कागद पाच वर्षं जपायचे. संशय आला तर दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवायचं. आणि कळवलं हे ग्राहकाला सांगायचं नाही.

आपल्या सभासदांना मी एवढंच म्हणालो, "काका, तो तुम्हाला ओळखतो म्हणून तर विचारायला त्याला अवघड जातंय. तुम्ही कागद देऊन टाका." त्यांनी दिले. गाडं अडलं ते दुसरीकडे. घेणारी एक कंपनी होती. तिचा खरा मालक कोण हे कोणी सांगेना, आणि पैसे तिसऱ्याच कुणाच्या खात्यातून येणार होते. सीएंनी हात जोडले. गिऱ्हाईक गेलं. फ्लॅट सहा महिन्यांनी विकला गेला, तोही थोड्या कमी किमतीला. काका दोन महिने माझ्याशी बोलत नव्हते. ते नुकसान खरं आहे, मी नाकारत नाही. पण आज त्या घरात एक कुटुंब राहतंय, त्यांची मुलगी आत्ताच या स्टेजवर नाचून गेली. तिच्या आईवडिलांना आपण नावानिशी ओळखतो. त्या जागी कोण आलं असतं, हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नसतं.

तरुण मंडळींना एक सांगतो. आपल्याच भागातल्या एका कॉलेजच्या मुलाने 'थोडे दिवस खातं वापरू दे, कमिशन देतो' या बोलण्यावर आपलं खातं मित्राच्या मित्राला दिलं. त्यात कुणाचे तरी फसवून घेतलेले पैसे आले आणि खातं गोठवलं गेलं. परराज्यातल्या पोलिसांचा फोन आला तेव्हा घरात चूल पेटली नाही. खातं, एटीएम कार्ड आणि सिम ही टूथब्रशसारखी असतात, उसनी द्यायची नसतात.

आणि कागद देतानाही डोळे उघडे ठेवा. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा, सही करा. पूर्ण आधार क्रमांकाची गरज नसेल तिथे मास्क केलेलं आधार द्या. 'केवायसी संपलं' असा फोन आला तर ओटीपी सांगू नका, लिंक दाबू नका, सरळ शाखेत जा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

पंचवीस वर्षांत आपण एकमेकांकडे किल्ल्या ठेवल्या, दवाखान्यात एकमेकांसाठी रात्री जागलो. तो विश्वास कागदाने कमी होत नाही. दुकानदाराने माझ्यावर विश्वास ठेवला, मी त्याच्यावर, आणि मधल्या मध्ये मास्तर भरडले गेले. म्हणून पुढच्या वेळी सीए किंवा बँकेतली मुलगी कागद मागेल, तेव्हा रागावण्याआधी त्या मास्तरांना आठवा.

काका आता माझ्याशी बोलतात. पुढच्या रांगेत बसलेत, हसताहेत. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. आणि हो, आमची ही झोपलेली नाही, हे मी इथून पाहतोय.