तूर बोलायलीय!

अहमदपूरजवळच्या आमच्या गावात मी रेडिओवरचे बाजारभाव ऐकत मोठा झालो. निवेदक नुसता आकडा सांगून कधी पुढं गेला नाही. लातूर, सोयाबीन, आवक इतकी, किमान दर इतका, कमाल इतका, सर्वसाधारण इतका. ऐकणाऱ्यापुढं कागद नाही, हे त्याला पक्कं ठाऊक.

मला दिसत नाही. नांदेडला संगणकावर नोकरी करतो. पडद्यावरचं वाचून दाखवायला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानं 2006 साली तो लिहायला घेतला. पण एक्सेलमध्ये मोंढ्याच्या दरांची फाइल उघडली, की तो म्हणायचा, "चार हजार दोनशे, सी सात." हा किमान की कमाल? बाण दाबत वर जायचं, मथळा ऐकायचा, परत खाली यायचं. तोवर कुठल्या ओळीत होतो तेच विसरलेलं.

उपाय साधा निघाला. मथळ्यांच्या ओळीतल्या पहिल्या सेलवर जायचं. फाइलच्या पहिल्या ओळीवर नव्हे हं! आपल्याकडं वरच्या तीन ओळी सेल मर्ज करून लग्नपत्रिकेसारख्या सजवलेल्या असतात. मथळ्याच्या त्या पहिल्या सेलवर एनव्हीडीए की, म्हणजे बहुतेकांकडं इन्सर्ट, धरून शिफ्ट आणि सी. मग डावीकडच्या शेतमालाच्या रकान्यात पहिल्या नावावर तसंच, फक्त सीऐवजी आर. आता उजवीकडं सरकलं की आकड्यासोबत "कमाल दर"ही. खाली उतरलं की "तूर". चुकलं तर तीच कळ लागोपाठ दोनदा, खूण पुसली जाते. एवढं करूनही तो मुका राहिला, तर एनव्हीडीएच्या सेटिंग्जमधल्या डॉक्युमेंट फॉरमॅटिंगमध्ये हेडर्स बंद तर नाहीत ना, ते बघा.

खाली उतरताना रकान्याचं नाव तो पुन्हा घेत नाही. रकाना बदलला तरच घेतो. काहींना हे खटकतं. मला बरं वाटतं. शंभर ओळींत शंभरदा "कमाल दर" कोण ऐकत बसणार?

फाइल सेव्ह केली की या खुणा तिच्यातच राहतात, आणि जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरलाही कळतात. लातूरचा माझा मित्र जॉज वापरतो. त्याला काही न सांगता ती फाइल धाडली. संध्याकाळी फोन आला, "काय केलास रे? तूर आपोआप बोलायलीय!"