महाळुंगे ते दिल्ली : अंतर किती, वेळ किती?

(भाषणाचा मजकूर)



मुळा नदीकाठचे, मुळशी तालुक्यातील महाळुंगे हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. (खेड तालुक्यात चाकणजवळ याच नावाचे दुसरे गाव आहे, ते येथे अभिप्रेत नाही.) या गावाहून विमानाने दिल्लीस जाण्यास किती वेळ लागतो, असे विचारले असता बहुतेकजण ‘सव्वादोन तास’ असे सांगून मोकळे होतात. हे उत्तर लोहगावपुरते ठीक आहे, महाळुंग्याचे नव्हे.

लोहगाव ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे १,१६० किलोमीटर भरते. लोहमार्गाने तेच दीड हजारांवर जाते, कारण रुळांना घाट, नद्या आणि वाटेतील जंक्शने यांचा मान राखावा लागतो. ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाने हे अंतर दीड तासाच्या आत तोडावयास हवे. मग सव्वादोन तास कशाचे? विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकास थांबेपर्यंतचा सर्व काळ वेळापत्रकात धरला जातो. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, उंची गाठणे, उतरण्यासाठी पाळी येईपर्यंत थांबणे, हे सारे त्यात आले. शिवाय लोहगाव हा मूळचा हवाई दलाचा तळ असल्याने तेथील धावपट्टी नागरी विमानांना सामाईकपणे वापरावी लागते. वाऱ्याचाही हिशेब असतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. त्यामुळे पुण्याहून कोलकात्यास जाणारे विमान लवकर पोहोचते, तर परतीस त्याला अधिक वेळ लागतो.

परंतु खरी मेख जमिनीवर आहे. महाळुंगे आणि लोहगाव ही ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षांशावर असून त्यांच्यातील सरळ अंतर सुमारे १८ किलोमीटर आहे. आकाशात एवढे अंतर विमान दीड मिनिटाच्या आत ओलांडते. रस्त्याने मात्र सारे शहर पार करावे लागते, आणि गर्दीच्या वेळी एक तासही अपुरा पडतो. त्यात विमानतळावरील तपासणीसाठी आधी पोहोचण्याचा अवधी मिळविला म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणाइतकाच काळ उड्डाणापूर्वीच खर्ची पडतो.

मुंबईच्या बाबतीत तर हे गणित उलटेच होते. पुणे–मुंबई हवाई अंतर जेमतेम १२५ किलोमीटर, लोहमार्गाने १९२. तरीही २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून महाळुंगेकराने पूर्वेस लोहगाव गाठून मग पश्चिमेस उडणे यात काही शहाणपण उरलेले नाही.

प्रवाशाचा तास बुडाला तर त्याची गैरसोय होते. दात्याच्या शरीरातून काढलेल्या हृदयाचे रोपण मात्र साधारणतः चार तासांत व्हावे लागते. असे हृदय दुसऱ्या शहरी विमानाने पाठवावयाचे झाल्यास उड्डाणाची वेळ कमी करता येत नाही. कमी होते ती रुग्णालयापासून विमानतळापर्यंतची. पोलीस चौकाचौकांत वाहतूक थोपवून रुग्णवाहिकेला वाट मोकळी करून देतात, ते एवढ्याचसाठी.

पुरंदर तालुक्यात नव्या विमानतळाची योजना आहे. महाळुंग्यापासून ती जागा सरळ रेषेतही लोहगावच्या दुपटीहून अधिक दूर पडते. तेथील धावपट्टीच्या आराखड्याबरोबरच पश्चिमेकडील गावांच्या रस्त्याचा आराखडाही ग्रामसभांनी आणि नगरसेवकांनी आताच मागावयास हवा.