रक्तातील मेदवाहने आणि आपली कुटुंबे

(शेंद्रा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आहे. मी वैद्य नव्हे, शिक्षक आहे. तेव्हा शिक्षकाच्या रीतीनेच एक विषय मांडतो.

कोलेस्टेरॉल म्हणताच आपण दचकतो. वास्तविक ते विष नव्हे. पेशींची आवरणे, पित्त व कित्येक अंतःस्राव यांस ते अवश्य लागते, आणि त्याचा मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते. परंतु तो पदार्थ स्निग्ध, आणि रक्त पाणीदार. तेल पाण्यात मिसळत नाही, हे प्रत्येक गृहिणी जाणते. म्हणून निसर्गाने त्यास प्रथिनांचे वेष्टन देऊन सूक्ष्म वाहने निर्माण केली. त्यांस लायपोप्रोटीन, म्हणजे मेदप्रथिने, असे म्हणतात.

येथील कारखान्यांतून माल भरलेले ट्रक जालना रस्त्याला लागतात, तद्वत् यकृतातून मेदाने भरलेली वाहने रक्तात निघतात. वाटेत बराचसा मेद उतरल्यावर उरते ते एलडीएल. ते पेशींना कोलेस्टेरॉल पुरविते. एचडीएल हे शिल्लक कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेण्याच्या कामी येते. एलडीएल आत घेणारी दारे प्रामुख्याने यकृताच्या पेशींवर असतात. या दारांचा शोध लावणारे मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांस १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दारे अपुरी पडली की वाहने रक्तातच फिरत राहतात, धमन्यांच्या भिंतींत शिरतात आणि तेथे थर साचतो.

काही घराण्यांत हा दोष जन्मजात असतो. सुमारे अडीचशे ते तीनशे माणसांत एकास तो आढळतो. आईबापांपैकी एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास येण्याचा संभव निम्मा. ‘वडील चाळिशीत गेले, काकाही तसेच गेले,’ असे म्हणून आपण दैवास बोल लावतो. मामाच्या मुलीशी विवाहाची चाल आपल्या भागात आहे. अशा दांपत्यात दोघांसही हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यास तो दुहेरी मिळण्याचा संभव चारांत एक. आणि अशा बालकाचे हृदय शालेय वयातच धोक्यात येऊ शकते.

‘आमचा मुलगा सडपातळ आहे, त्याला काय होणार?’ असेही कोणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे उंचीच्या मानाने वजन सारखेच होते. तरी शरीरातील चरबी युडकिन यांची शेकडा ९.१, तर याज्ञिक यांची २१.२ भरली. हे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. अंगकाठीवरून आतली स्थिती कळत नाही. रक्ततपासणीच करावी लागते.

म्हणून माझी विनंती अशी : ज्या घरी पुरुषास पंचावन्नीच्या आत किंवा स्त्रीस साठीच्या आत हृदयविकार जडला, तेथील लहानथोर सर्वांनी रक्त तपासून घ्यावे. एलडीएल १९० किंवा अधिक आल्यास या आनुवंशिक दोषाविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे. स्टॅटिन गटातील गोळ्यांनी यकृतावरील दारे वाढतात. बरे वाटते म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत.

सोयरीक जुळविताना आपण कूळ, गोत, पत्रिका पाहतो. त्याच बैठकीत घरातील हृदयविकाराचीही मोकळेपणाने विचारपूस व्हावी. ती सोयरीक मोडण्यासाठी नव्हे, तर होणाऱ्या अपत्यांची तपासणी वेळेवर व्हावी यासाठी. झाकून ठेवलेला रोग नाहीसा होत नाही, तो नातवंडांच्या पदरात पडतो. उपाय हाती असता तसे होऊ देणे आपणांस शोभणारे नाही, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.