गोंदण, टॅटू आणि जपानची गरम पाण्याची कुंडं



अजिंठ्याची लेणी पाहायला येणारे जपानी पाहुणे आपल्या चिकलठाणा विमानतळाला नवे नाहीत. या विमानतळाच्या सुधारणेलाही अजिंठा-वेरूळ प्रकल्पातून जपानी कर्जाची मदत झालेली आहे. आता आपली माणसंही तिकडे निघाली आहेत. कुणी कारखान्यातर्फे प्रशिक्षणाला जातं, कुणी फिरायला, तर कुणी टोकियोत नोकरी करणाऱ्या लेकाकडे. जपानला गेलं की ओनसेनला, म्हणजे नैसर्गिक गरम पाण्याच्या स्नानगृहात, जावंसं वाटतंच. आज मी बोलणार आहे ते हातावर, पाठीवर टॅटू असलेल्यांशी, आणि कपाळावर, मनगटावर गोंदण असलेल्या आपल्या आयाआज्ज्यांशी. कारण बऱ्याच ओनसेनच्या दारात पाटी असते: टॅटू असणाऱ्यांना प्रवेश नाही.

ही पाटी आली कुठून? एदो काळात, अठराव्या शतकात, चोरांच्या हातावर शिक्षा म्हणून खूण गोंदत असत. पुढे १८७२ साली सरकारनं गोंदण्यावरच बंदी घातली, ती १९४८ पर्यंत टिकली. आणि अंगभर गोंदवणाऱ्या याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांची दहशत तर लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली. अशा माणसाशेजारी उघड्या अंगानं पाण्यात बसायला इतर गिऱ्हाईक घाबरे, म्हणून मालकांनी पाट्या लावल्या. नुसता टॅटू आहे म्हणून सार्वजनिक स्नानगृहात कुणाला अडवावं, असं तिथला कायदा सांगत नाही. नियम त्या त्या जागेचा असतो. जपानच्या पर्यटन खात्यानं २०१५ मध्ये पाहणी केली, तेव्हा उत्तर देणाऱ्या सुमारे सहाशे ठिकाणांपैकी ५६ टक्के ‘नाही’ म्हणाली, ३१ टक्के ‘या’ म्हणाली आणि १३ टक्क्यांचं म्हणणं होतं, झाकून या. म्हणजे दारं बरीच उघडी आहेत, फक्त ती आधी शोधावी लागतात.

गोंदणाबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे. आपल्याकडे बाईच्या हातावर तुळस, कपाळावर ठिपके, आणि ‘मेल्यावर सोबत येतं ते एवढंच’ हा विश्वास. जपानच्या दक्षिणेला, आजच्या ओकिनावात, र्‍युक्यू बेटांवरच्या बायका बोटांवर आणि हाताच्या पाठीवर असंच गोंदवून घेत. त्याला ‘हाजिची’ म्हणतात. मुलगी मोठी झाली, लग्न झालं, याची ती खूण असे, आणि परलोकात जायलाही ती लागते अशी श्रद्धा होती. उत्तरेकडच्या ऐनू जमातीच्या बायका ओठांभोवती गोंदवत. सरकारनं दोन्ही बंद पाडलं, हाजिचीवर १८९९ मध्ये बंदी आली. २०१३ साली न्यूझीलंडची एक माओरी बाई भाषा-परिषदेसाठी जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर गेली होती. हनुवटीवरच्या पारंपरिक गोंदणामुळे तिला स्नानगृहात घेतलं नाही, आणि जपानभर त्यावर चर्चा झाली. मला ती पाटी अशा बायकांच्या बाबतीत अन्यायाचीच वाटते. पण काउंटरवरचा मुलगा नियम पाळत असतो. त्याच्याशी भांडू नका. ‘हे देवाचं आहे’ म्हणून तिथं नियम बदलणार नाही, आजीला मात्र विनाकारण अवघडल्यासारखं होईल. तिला दारात उभं करून विचारण्यापेक्षा घरूनच जागा ठरवून न्या.

कुठं न्यायचं? ह्योगो प्रांतातलं किनोसाकी हे गाव मला सगळ्यात सोयीचं वाटतं. तिथं सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत आणि सातही ठिकाणी टॅटू चालतो. क्यूशू बेटावरच्या बेप्पू शहरात ताकेगावारा हे जुनं स्नानगृह आहे, मात्सुयामात १८९४ च्या इमारतीतलं दोगो ओनसेन आहे, तिथंही अडवत नाहीत. शहरांतल्या गल्लीबोळांतली साधी सार्वजनिक स्नानगृहं, ज्यांना ‘सेंतो’ म्हणतात, तीही बहुधा घेतात. तरी नियम बदलतात, म्हणून खोली आरक्षित करतानाच लिहून विचारा. तोंडी विचारायचं तर एवढं पुरे: ‘तातू वा दाइजोबु देस का?’

टॅटू लहान असेल तर त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी मिळते, काही हॉटेलं ती स्वतःच देतात, साधारण आठ बाय दहा सेंटिमीटरची. त्याहून मोठा असेल, किंवा कपाळावर असेल, तर ‘काशिकिरी’ मागा. म्हणजे ठरावीक वेळेपुरतं फक्त तुमच्या कुटुंबासाठी कुंड. अनोळखी लोकांपुढे कपडे काढायचा संकोच वाटणाऱ्या कुणालाही मी हाच मार्ग सुचवते. कारण बहुतेक ओनसेनमध्ये पोहण्याचा पोशाखसुद्धा चालत नाही, पुरुष-बायका मात्र बहुधा वेगळे असतात.

आणि आपल्या वज्रेश्वरीच्या किंवा किनवटजवळच्या उनकेश्वरच्या कुंडात आपण अंग धुवायला उतरतो, तसं तिथं करायचं नाही. आधी बाहेर स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ अंघोळ, मग कुंडात नुसतं बसायचं. केस बांधलेले हवेत, आणि छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. पाणी बहुधा चाळीस अंशांच्या आसपास किंवा वर असतं, म्हणून पहिल्या खेपेला पाचेक मिनिटांत बाहेर या. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, आणि दारू पिऊन उतरू नका.

दोन गोष्टी नवविवाहितांसाठी. हातावरची गडद मेंदी तिथल्या कर्मचाऱ्याला टॅटूच वाटू शकते. ती फिकी पडेपर्यंत थांबा किंवा काशिकिरी घ्या. आणि प्रवासाआधी हौसेनं नवा टॅटू काढणार असाल तर निदान महिनाभर आधी काढा. खपली धरलेली कातडी म्हणजे जखमच असते, ती सगळ्यांच्या गरम पाण्यात बुडवली तर संसर्ग होऊ शकतो. खपली पूर्ण पडून कातडी भरून आल्याशिवाय पाण्यात उतरू नका, मग त्या दारात पाटी असो वा नसो.